मूठभर शेंगांचा बिल्ला

सोलापुरात मला शाळेत नोकरी लागली तेव्हा खोली बघायला माझ्याबरोबर बार्शीहून वडील आले होते. घरमालकांनी आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि खोली दाखवायच्या आधीच वडिलांना विचारलं, "सायकल हाय का तुमच्याकडं?"

वडील म्हणाले, "होती. आता कुठं होतंय चालवणं."

"बिल्ला होता?"

"म्हणजे काय! दरवर्षी घ्यायचो."

"कुठं लावायचा?"

"हँडलच्या खाली, दांडीला. तारेनं आवळून."

घरमालक माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "चांगल्या घरातली हाय पोरगी. खोली तुमची." भाड्याची गोष्ट त्यानंतर निघाली, तीही वडिलांनी काढली म्हणून. मी बी.एड.ची सर्टिफिकेटं छातीशी धरून बसले होते, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. परतीच्या एसटीत बसताना वडील भलतेच खुशीत होते. माणूस पारखी आहे, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

बिल्ला म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही अशी अख्खी पिढी आता माझ्या वर्गात बसते, म्हणून सांगते. पूर्वी सायकलवर कर असायचा. वर्षाची फी भरली की पत्र्याची नाहीतर पितळेची एक छोटी चकती मिळायची, तिच्यावर नंबर आणि साल. ती सायकलला लावायची. चकती नसली आणि चौकात तपासणी चालू असली की सायकल जप्त. दंड भरा आणि घेऊन जा. ही तपासणी करत चौकाचौकात उभी राहणारी जी माणसं होती, त्यांच्यातले एक आमचे घरमालक. मी राहायला गेले तेव्हा सायकलवरची फी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तेही निवृत्त झाले होते. पण हे दोन्ही त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं की काय, अशी शंका यावी असं त्यांचं वागणं होतं.

गल्लीत सगळे त्यांना बिल्लेमामा म्हणत. मीही मामाच म्हणायला लागले, आणि त्यांच्या बायकोला मामी.

घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. खाली समोरच्या शेडमध्ये दिवसभर मागांची खटखट चालायची. पहिला आठवडा मला वाटलं, वेड लागेल. नंतर रविवारी माग बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मामा या आवाजामुळे ओरडून बोलायला शिकलेले होते, आणि माग बंद असतानाही तसेच बोलत. त्यामुळे त्यांच्या घरातलं काहीही गुपित राहत नसे. उंचीनं बेताचे, अंगानं चिवट, डोक्यावर टोपी, अंगात खाकी शर्ट, खाली पांढरा पायजमा, आणि पायजम्याच्या दोन्ही घोट्यांवर सायकलच्या क्लिपा. या क्लिपा मी त्यांच्या पायांवर लग्नात बघितल्या आहेत, मयताला बघितल्या आहेत, दुपारी वामकुक्षी घेतानाही बघितल्या आहेत. मामी म्हणायच्या, "चेनमध्ये पायजमा अडकतो म्हणून लावतात लोक. यांची चेन झोपेतबी फिरती."

सायकल मात्र बघण्यासारखी होती. काळी, उंच, पुढच्या खोलीत देवांच्या फोटोखाली उभी असायची. येणाऱ्या पाहुण्याला तिच्या कडेनं अंग चोरून आत यावं लागे. एकदा मामींच्या माहेरच्या एका बाईंचा पदर ब्रेकमध्ये अडकला, तर मामांनी आधी ब्रेक तपासला. आणि रस्त्यावर ही स्वारी निघाली की बघायचं! दुपारी दोन वाजता, उन्हानं डांबर मऊ झालेलं, चौकात कुत्रंसुद्धा नाही, तरी सिग्नल लाल असला की मामा सायकलवरून उतरणार आणि एक पाय जमिनीवर टेकून उभे राहणार. स्वतःच्या गल्लीत वळतानाही हात लांब करून दाखवणार. मी माझ्या स्कूटीवरून मागून येत असले की मला फार संकोच वाटायचा. पुढे जावं तर सिग्नल मोडल्यासारखं, थांबावं तर लोक आम्हा दोघांकडे बघून हसणार. मी थांबायची. मग मामा मागे न बघताच म्हणायचे, "शाब्बास, बाई."

माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत, सायकली राहत. "अरे, तो हिरव्या मडगार्डाचा वारला," असं ते जेवता जेवता सांगत, आणि मामी, "अय्यो, बिचारा!" म्हणून हळहळत. मला वाटायचं, यांना नाव विचारावं. पण दोघांनाही माणूस बरोब्बर कळलेला असायचा. शहरातल्या मोठमोठ्या माणसांची ओळख त्यांच्याकडे अशीच होती. एक डॉक्टर होते ते "बिनघंटीचे", एक व्यापारी होते ते "दर वर्षी मार्चअखेरपर्यंत चुकवणारे", आणि माझ्या शाळेचे माजी मुख्याध्यापक तर "मला बघून गल्लीत वळणारे". पुढे हे मुख्याध्यापक एका कार्यक्रमात सत्काराला उभे राहिले तेव्हा मला हसू आवरेना. खालमानेनं बसून राहावं लागलं.

मामांनी आपल्या सख्ख्या मेहुण्याला दंड केला होता. ही गोष्ट मामी प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगत. मेहुणा सणाला बहिणीसाठी डबा घेऊन येत होता, हँडलला पिशवी, पिशवीत गरम पुरणपोळ्या. चौकात मामा. मेहुणा हसला आणि म्हणाला, "भावजी, तुमच्याकडंच निघालोय." मामा म्हणाले, "बिल्ला?" मेहुण्याला वाटलं, थट्टा चाललीय. त्याची सायकल जप्त झाली, आणि मामा त्याला म्हणाले, पोळ्या घरी नेऊन द्या, मी जेवायला येतो. मेहुणा पोळ्या घेऊन घरी चालत गेला, बहिणीला दिल्या, आणि भावजी यायच्या आत तसाच माघारी गेला. कितीतरी दिवाळ्या बोलला नाही. मी एकदा मामांना विचारलं, "वाईट नाही वाटलं?" तर म्हणाले, "वाटलं की. पण त्याच्या मागनं एक हमाल येत होता बिनबिल्ल्याचा. याला सोडलं असतं तर त्याला कुठल्या तोंडानं पकडलं असतं?"

पण खरी गंमत दुसरीच, आणि ती मामांच्या भाषेमुळे झाली. घरात हे लोक तेलुगू बोलत. त्यांच्या तेलुगूत बिळ्ळा म्हणजे कुठलीही वाटोळी चकती. नाण्यालाही बिळ्ळा आणि औषधाच्या गोळीलाही बिळ्ळा. नोकरीत असताना एकदा एप्रिलच्या उन्हात चौकात उभे असताना मामांना चक्कर आली. रक्तदाबाची गोळी खिशात होती, पण हात खिशापर्यंत जाईना. डोळ्यांपुढे अंधारी आली की माणूस घरच्या भाषेवर येतो. मामा झाडाला टेकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे हात पसरून म्हणायला लागले, "बिळ्ळा... बिळ्ळा..."

झालं! जो तो सायकल वळवून पळत सुटला. "पुढं चेकिंग हाय रे!" अशी बोंब चारी रस्त्यांना पोचली आणि चौक ओस पडला. मामा जितकं कळवळून म्हणत तितके लोक जोरात पायडल मारत. शेवटी कोपऱ्यावरचा चहावाला तेलुगू होता म्हणून बरं, त्याला अर्थ लागला. त्यानं मामांच्या खिशातली गोळी काढून पाण्याबरोबर तोंडात घातली. हे सांगताना मामी पदरात तोंड घालून हसायच्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरायचे. मामाही हसायचे. पण एकदा, मामी आत गेल्यावर, मला म्हणाले, "बाई, नोकरीत एवढी वर्षं काढली, अन् हात पसरला तर एक माणूस थांबला नाही. तसं त्यांचं काय चुकलं म्हणा."

दर वर्षी एप्रिल उजाडला की मामा धुतलेला शर्ट घालून आपल्या जुन्या कचेरीत जात आणि माझ्या सायकलची फी घ्या म्हणून सांगत. तिथला कारकून भला माणूस होता. तो म्हणायचा, "मामा, ही फी बंद झाली. वहीत असा हेडच राहिला नाही. तुमचे पैसे घेतले तर जमा कुठं करू?" मग तो मामांना खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. मामा घरी येऊन तणतणायचे. "चहा पाजत्यात! फी घेईनात!"

मी एकदा न राहवून म्हणाले, "मामा, लोक कर चुकवायला काय काय करतात. तुम्हाला माफ झालाय तर सुखानं चालवा की सायकल."

मामा खाली ओट्यावर सायकलची चेन पुसत बसले होते. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "बाई, तुमी वरच्या खोलीचं भाडं देता का?"

"देते."

"समजा उद्या मी म्हणालो, बाई, सामान उचला. तर तुमी काय म्हणाल?"

"का म्हणून, असं विचारीन."

"विचारालच. का विचाराल? भाडं देता म्हणून. आता समजा तुमी माझी भाची आहात, फुकट ऱ्हाता. तर?"

मी ओट्याच्या कडेवर टेकले.

"फुकट ऱ्हाणारा पाहुणा असतो, बाई. पाहुण्याला कधीबी ऊठ म्हणता येतं. सायकलवाला या रस्त्यावर पाहुणा झालाय. बिल्ला होता तवा त्याचं नाव लागलेलं होतं. आज रस्ता मोठा केला तर तो मोटारीसाठी, खड्डा बुजवला तर मोटारीसाठी. सायकलवाल्याला विचारतो कोण? अन् विचारायचं कशासाठी? तो देतो काय?"

मी गणित शिकवते. युक्तिवादात कुठं भोक आहे ते शोधायची मला सवय. या युक्तिवादात भोक आहे हे मला दिसत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. ते ठेवलं रेणुकानं, पण ते पुढे सांगते.

कचेरी फी घेईना म्हटल्यावर मामांनी स्वतःच कचेरी उघडली. तेलाचे रिकामे डबे कापून ते बिल्ले बनवायला लागले. ओट्यावर बसायचं, कात्रीनं पत्रा कापायचा, कडा घासायच्या, आणि खिळ्यानं ठोकून नंबर उमटवायचा. दर वर्षी आकार वेगळा, जुन्या रिवाजाप्रमाणे. एका वर्षी गोल, एका वर्षी पिंपळपान, एका वर्षी मोदक करायला गेले तर तो कांदा झाला. गल्लीतल्या पोरांच्या सायकलींना हे बिल्ले लागायचे. नंबर कुठला द्यायचा हे मामा पोराच्या तोंडाकडे बघून ठरवत. पण फी भरल्याशिवाय बिल्ला नाही, हा नियम पक्का. फी म्हणजे भाजलेल्या शेंगा, एक मूठ, आणि मूठ मामांची नव्हे, भरणाऱ्याची. "लहान मूठ, लहान कर," असं ते म्हणत. पाडव्याच्या सुमारास ओट्यासमोर पोरांची ही रांग लागायची. रडणारी पोरं, मुठी आवळलेल्या, शेंगा अर्ध्या वाटेतच खाल्लेल्या. जमलेल्या शेंगांची मामी उखळात घालून चटणी कुटायच्या, लाल तिखट, लसूण, तेल सुटेपर्यंत, आणि ती वाटी वाटीनं गल्लीतल्याच घरांत परत जायची. माझ्या वाटणीची मी बार्शीला नेत असे. वडील ती भाकरीबरोबर खाताना म्हणायचे, "कराचा असा विनियोग मी जन्मात बघितला नाही."

ते दिवस मला अजून आठवतात. चांगलं होतं सगळं. तेव्हा मला ते चांगलं आहे असं कळत होतं की नाही, कोण जाणे. मी आपली पाणी येत नाही म्हणून मामींशी भांडत होते.

रेणुका मागच्या खोलीत राहायला आली ती यानंतर. सांगोल्याकडची, घरी मेंढरं. नवरा टेम्पो चालवायचा आणि आठवडाआठवडा बाहेर असायचा. ती शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात लागली होती. कारखाना हायवेच्या पलीकडे. रिक्षा परवडेना म्हणून तिनं एक जुनी लेडीज सायकल घेतली, आणि तिशी उलटल्यावर, गल्लीतल्या पोरांच्या देखत, चार वेळा पडून ती चालवायला शिकली. शिकली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मामा उभे.

"बिल्ला?"

"कसला बिल्ला?"

मामांनी सगळं सांगितलं. फी, नाव, पाहुणा, भाडेकरू. रेणुका एक पाय पायडलवर ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, आमची मेंढरं रस्त्यानंच चालत्यात. त्यांच्याकडनं फी घेतली व्हय कुणी?"

"म्हणून तर त्यांना हाकलत्यात!" मामा जिंकल्यासारखे ओरडले.

"हाकलू द्या की. पर मेंढराजवळ दुसरं काय हाय? ज्याच्याजवळ गाडी न्हाय, रिक्षाला पैका न्हाय, त्यो सायकलवर बसतोय. त्याच्याकडनंच फी घेणार तुमी? अन् घेतल्याबिगर त्याला माणूस म्हणणार न्हाय? नाव लावायला फी लागत असंल तर ऱ्हाऊ द्या माझं नाव."

"एक मूठ शेंगा, पोरी."

"शेंगांचं न्हाय ओ, मामा. पोतं देते. फी म्हणून देणार न्हाय." आणि गेली निघून.

मी वर गॅलरीत दात घासत उभी होते. मामांच्या युक्तिवादातलं भोक मला आत्ता नीट दिसलं. पण गंमत अशी, की दोघांचंही मला पटत होतं, आणि पुढेही तसंच पटत राहिलं. त्या दिवसापासून रोज सकाळी दारात हा सामना व्हायचा. मामा म्हणायचे, "बिल्ला?" रेणुका म्हणायची, "मेंढरू!" आणि जायची. मामांना ती फार आवडायची. तिच्या सायकलचा ब्रेक ढिला झाला की ती कामावरून यायची वाट बघत ते पाना घेऊन बसलेले असायचे. ब्रेक आवळून दिला तरी बिल्ल्याचा तगादा सोडत नसत.

मग तो पडण्याचा प्रसंग झाला. मी शाळेतून परतत होते. हायवेच्या कडेच्या रस्त्यावर, माझ्या बऱ्याच पुढे, मामा चालले होते, नेहमीसारखे डाव्या कडेनं, सरळ. मागून एक पांढरी गाडी हॉर्न वाजवत आली. मामांना कडेला जायला जागाच नव्हती, कडेला खडी पडलेली. गाडी त्यांना घासून गेली असेल-नसेल, मामा सायकलसकट खडीवर पडले. गाडी पुढे जाऊन थांबली. चालवणारा उतरला. तरुण पोरगा, घाबरलेला. आणि घाबरला होता म्हणूनच, मला वाटतं, तो ओरडायला लागला. "आजोबा, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय का? मधी मधी काय चालवताय? आमी टॅक्स भरतो गाडीचा!"

मी स्कूटी टाकून धावत गेले. मामा खडीवर बसलेले, टोपी कुठं गेली पत्ता नाही, आणि चेहऱ्यावर राग नाही, उलट कुणीतरी अखेर मुद्द्यावर आलं असा भाव. ते त्या पोराला म्हणाले, "मी बी भरायला तयार हाय. घेतंय कोण? तू घेतो का? सांग किती ते." आणि पैसे काढायला त्यांनी खिशाकडे हात नेला, तेव्हा कळलं की मनगट मोडलंय. हात खिशापर्यंत गेलाच नाही, मध्येच लोंबकळला. तो पोरगाच मग रडवेला झाला. त्यानंच आम्हाला दवाखान्यात नेलं. वाटेत मामा त्याला विचारत होते, "किती असतो रे टॅक्स तुमचा?"

प्लास्टर घातलं. मामांचा मुलगा पुण्याहून आला, बापावर खूप चिडला, आणि सायकलला कुलूप लावून किल्ली बरोबर घेऊन गेला. त्याचंही बरोबरच होतं. सत्तरी कधीच उलटून गेली होती. मामा काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हेच मामींना सहन होईना. एक दिवस सकाळी मी खाली आले तर मामींनी मला खूण करून त्यांच्या पायांकडे बघायला सांगितलं. क्लिपा नव्हत्या. पायजमा मोकळा, घोळदार, कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचा असावा तसा.

पाडवा आला. पोरं शेंगा घेऊन ओट्यासमोर उभी राहिली. मामा खिडकीतूनच म्हणाले, "ऑफिस बंद हाय." पोरं थोडी थांबली, मग तिथंच बसून त्यांनी शेंगा खाल्ल्या आणि टरफलं टाकून गेली. ती टरफलं मामींनी दुसऱ्या दिवशीपर्यंत झाडली नाहीत. मला इतकं वाईट वाटलं की मी वर जाऊन पेपर तपासायला बसले आणि दोन पोरांना उगाचच नापास केलं. नंतर परत तपासले, ही गोष्ट वेगळी.

असेच काही दिवस गेले. एका रविवारी संध्याकाळी मी मामांना पेपर वाचून दाखवत बसले होते. मामी उखळापाशी होत्या. रेणुका मागच्या दारानं आली. हातात मूठ आवळलेली, कोपरावर चिंधी बांधलेली. ती मामांसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं मूठ उघडली. भाजलेल्या शेंगा.

"काय हे?" मामा म्हणाले.

"फी."

मामांनी तिच्याकडे बघितलंच नाही. "दया आली व्हय माझी? घेऊन जा. दयेची फी नसती, भीक असती ती."

"दया कशापायी करू तुमची?" रेणुका तिथंच खाली बसली. "परवा मला बी ढकललं एकानं. तितंच, खडीपाशी. डबा सांडला, कोपर फुटलं. त्यो काच खाली करून म्हणाला, रस्ता तुज्या बापाचा हाय का, टॅक्स भरती का तू? मामा, तुमी तरी म्हणालासा, भरायला तयार हाय. मी काय म्हणू? मला तर भरायचंच न्हवतं. मी तोंड उघडून नुस्ती बसले खडीवर. घरी येईस्तवर रडू आवरंना. पडल्याचं न्हाय, बोलता आलं न्हाय त्याचं." तिनं शेंगांचा हात पुढे केला. "मला म्हणायचंय की, व्हय, भरली हाय फी. हा बघ बिल्ला. लावा नाव माझं."

जन्मभर ज्या माणसानं लोकांना अडवून, पकडून, सायकली ओढून बिल्ला घ्यायला लावला, त्याच्याकडे पहिल्यांदा कुणीतरी मोठं माणूस आपण होऊन, मनापासून बिल्ला मागायला आलं होतं. मला वाटलं, आता मामा उठतील, ओरडतील, डबा आणायला सांगतील. मामांचा चेहरा पडला. इतका पडलेला मी तो खडीवरही बघितला नव्हता.

"ते खरं न्हाय गं, पोरी," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली कधी येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "तेलाच्या डब्याचा पत्रा तो. पोरांसाठी करत होतो. मी रिटायर माणूस. मला काय अधिकार नाव लावायचा? त्यानं विचारलं तर त्याचा काय उपेग न्हाय तुला. खोटा हाय तो."

"ते ठावं हाय की मला," रेणुका म्हणाली. "पर त्या गाडीवाल्याला कुटं ठावं हाय?"

मी हसले. मामा हसले नाहीत. बिल्ला नसलेल्या माणसावर त्यांचा राग नसे. तो गरीब असेल, विसरला असेल, टाळत असेल, त्याला दंड केला की संपलं. पण खोटा बिल्ला लावून फिरणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी चोर. अशा माणसांबद्दल बोलताना ते थुंकायचे. आणि आता ही बाई त्यांच्या दारात बसून खोटा बिल्ला मागत होती, तोही त्यांच्याच हातचा. मामा बराच वेळ तिच्या कोपरावरच्या चिंधीकडे बघत राहिले. मामींची कांडणी थांबली होती. मी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली.

मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि शेंगा घेतल्या. "डबा आणा," ते मामींना म्हणाले.

उजव्या हाताला प्लास्टर, त्यामुळे पत्रा मामींनी कापला. खिळा रेणुकानं धरला. मामांनी डाव्या हातानं हातोडी मारली ती दोनदा चुकली, एकदा रेणुकाच्या बोटावर बसता बसता राहिली. तिनं हात काढला नाही. आकडे तिरके तिरके उमटले. आकार कसला म्हणावा हे कुणालाच कळलं नसतं. तार मी ओवली. आम्ही सगळे अंगणात गेलो आणि रेणुकानं तो बिल्ला सायकलच्या दांडीला बांधला, मामा शेजारी उभे राहून "आवळ, अजून आवळ" म्हणत होते.

बांधून झाल्यावर ती उठली. मघाचं सगळं अवसान गेलं होतं, तोंडावर भीती दिसत होती.

"अन् मामा," ती म्हणाली, "कुणी खरंच इचारणारा भेटला, अन् म्हणाला, हा खोटा हाय, तर?"

मामांनी वाकून बिल्ला डाव्या हातानं एकदा हलवून बघितला. घट्ट बसला होता.

"तर माझं नाव सांग त्याला," ते म्हणाले. "म्हणावं, खोट्या बिल्ल्याचा दंड तो म्हातारा भरील."